गावच्या जागेत राहायला जायचंय? मग घर शेवटी बांधा

रत्नागिरी-सिंधुदुर्गात हल्ली वाडीवाडीत एक नवा शेजारी दिसतो. तिशी-पस्तिशीतलं जोडपं, एक पोर बालवाडीत, एक कडेवर, आजोळची किंवा विकत घेतलेली वीस-पंचवीस गुंठे जागा आणि मोबाइलमध्ये घराचे दोनशे फोटो. यांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी घराचा नकाशा, मग गवंडी, मग उरल्यासुरल्या जागेत बाव (विहीर), शौचखड्डा आणि रस्ता. माझं सांगणं नेमकं उलटं आहे: कागद, पावसाळा, वाट, पाणी, शौचालय, मग घर. कोकणात जागेवर खरी सत्ता पावसाची असते. तो कुठून येतो आणि कुठून जातो हे कळल्याशिवाय जोत्याची दोरी मारू नये.

पुढचं सगळं कोकणातल्या जांभ्याच्या, उताराच्या जमिनीबद्दल आहे. देशावरच्या काळ्या मातीत पायापासून पाण्यापर्यंत बरंच वेगळं करावं लागतं.

पहिलं काम: सातबारा शेवटच्या ओळीपर्यंत वाचा

सातबारा ऑनलाइन मिळतो, डिजिटल सहीचाही मिळतो. लोक त्यावर आपलं नाव आणि क्षेत्र बघतात आणि मिटतात. वाचायचं असतं ते 'इतर हक्क'. तिथे कुळाचं नाव आहे का, बँकेचा बोजा आहे का, 'वर्ग २' (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) आहे का, वनाचा शेरा आहे का? सिंधुदुर्गात 'वनसंज्ञा' (वन म्हणून नोंद झालेली जमीन) आणि 'आकारीपड' (सारा थकल्याने सरकारजमा झालेली), तर रायगड-रत्नागिरीत खासगी वनाचा, म्हणजे १९२७ च्या वन कायद्याच्या कलम ३५ चा शेरा, हे शब्द दिसले की घराचा विचार तिथेच थांबवून आधी वकील गाठा. आंबोली, गेळे, चौकुळ या गावांत कबुलायतदार गावकर, म्हणजे संस्थानकाळापासून गावाने सामायिक कसलेल्या जमिनींच्या मालकीचा, हा आणखी एक जुना गुंता आहे.

कोकणातली सगळ्यात मोठी अडचण मात्र साधी असते: सामायिक सातबारा. पणजोबांच्या नावावरून खाली उतरत उतरत एका गटावर तीस-चाळीस नावं. त्यातली अर्धी मुंबईत, काही हयात नाहीत, वारस तपास झालेला नाही. 'आमच्या वाट्याला हा कोपरा आहे' हे वाडीत सगळ्यांना मान्य असतं, पण तोंडी. अशा कोपऱ्यात पंचवीस लाखांचं घर बांधणं म्हणजे काकांच्या मर्जीवर राहणं. काका चांगले असतात, प्रश्न चुलतभावांच्या मुलांपासून सुरू होतो. म्हणून आधी वारस नोंदी, मग सर्वांच्या संमतीने वाटप, मग पोटहिस्सा मोजणी. याला वर्ष-दोन वर्षं जातात. जाऊ देत. गणपतीला सगळे गावी येतात, तेव्हा आरतीनंतर हा विषय काढावा आणि चतुर्थीच्या आठवड्यातच सह्या घ्याव्यात, असा माझा अनुभवाचा सल्ला आहे. शिमग्यापर्यंत ढकललंत तर मधे दोन मतं नवी तयार होतात.

विकत घेत असाल तर आणखी तीन गोष्टी. एक, महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला खरेदीदार शेतकरी असावा लागतो (कूळ कायद्याचं कलम ६३). राज्यात तुमच्या नावाचा कुठला सातबारा असेल तर प्रश्न नाही, नसेल तर बिनशेती झालेलाच भूखंड बघा. दोन, तुकडेबंदी. जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे हे प्रमाणभूत, म्हणजे खरेदी-विक्रीचं किमान, क्षेत्र २०२३ मध्ये ठरलं. निवासी विभागांना पुढे सवलत आली, पण आतल्या गावातल्या वरकस (हलक्या जमिनीच्या) डोंगराच्या पाच गुंठ्यांना ती लागू आहे असं दलाल सांगू लागला, तर शासन निर्णय कागदावर दाखव म्हणावं. तीन, खरेदीखत झाल्यावर फेरफार (सातबाऱ्यावर तुमच्या नावाची नोंद) होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. नोटिशीचे १५ दिवस जातात, त्यात कुणी हरकत घेतली तर प्रकरण लांबतं.

घर बांधण्याच्या परवानगीचे नियम गेल्या काही वर्षांत इतक्यांदा बदललेत की मागच्या वर्षी शेजाऱ्याला जे लागू होतं ते तुम्हाला असेलच असं नाही. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत जमीन असेल तर वाट सोपी आहे. शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात बांधलेल्या शेतघराला वेगळी सवलत आहे. समुद्राजवळ किंवा खाडीकाठी सीआरझेडचे (किनारा नियमन क्षेत्राचे) निर्बंध आहेत, सह्याद्रीच्या पायथ्याच्या कित्येक गावांत पर्यावरणसंवेदनशील क्षेत्राचे. त्यामुळे तहसील कार्यालय आणि ग्रामपंचायत, दोन्हीकडे आजचा नियम विचारा, उत्तर लेखी घ्या.

मोजणी, मग गडगा

मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात जातो. 'हद्द कायम' करून घ्या आणि मोजणीच्या दिवशी लगतचे सगळे खातेदार हजर राहतील असं बघा. नोटीस जातेच, तरी आदल्या संध्याकाळी घरोघर जाऊन सांगा. चहा घ्या. खुणा पटलेल्या माणसाशी पुढे वीस वर्षं भांडण होत नाही. खुणांवर पक्के दगड रोवा, शेजारी उभा असताना फोटो काढा आणि 'क' प्रत हातात पडेपर्यंत काही बांधू नका.

त्यानंतर कुंपण. चिऱ्याचा (कापलेल्या जांभ्याचा) किंवा दगडाचा, सिमेंटशिवाय रचलेला कोरडा गडगा सगळ्यात टिकाऊ आणि सगळ्यात महाग, म्हणून तो पुढच्या बाजूला बांधा. बाकी तीन बाजूंना पहिल्या पावसातच जिवंत कुंपण लावा: गिरीपुष्पाचे दांडे फूट-दीड फुटावर, मधे सागरगोटा किंवा घायपात. गिरीपुष्पाचा पाला खताला होतो आणि दांडे फुकट मिळतात. सिमेंटच्या खांबांची आणि तारेची घाई करू नये. गुरं थांबतील, डुक्कर खालून शिरेल आणि वानरांना तर ती तार बसायलाच बरी.

एक पावसाळा नुसता बघा

हा टप्पा कुणालाच आवडत नाही. पण मोजणी झाली की बांधकामाआधी एक अख्खा पावसाळा जाऊ द्या. जागेत एखादा जुना मांगर (शेतावरचं खोपट) असेल तर तो शाकारून घ्या, नसेल तर पत्र्याची दहा बाय बाराची खोपटी उभी करा. जून, जुलै, ऑगस्ट असं निदान एकेकदा, मोठा पाऊस पडत असताना तिथे राहा. मुलांनाही न्या, त्यांना चिखलाची सवय लागते आणि तुम्हाला त्यांची काळजी करायची सवय सुटते.

बघायचं काय? वरच्या सड्यावरून (खडकाळ पठारावरून) पाणी जागेत कुठून शिरतं, कुठे तुंबतं, कुठे नवा पऱ्या (ओहोळ) तयार होतो. जुलैअखेर जमिनीतूनच झरे फुटतात त्या जागा. तिथे घर बांधलंत तर फरशीखालून पाणी येणार. झड कुठल्या बाजूने मारते. बहुधा पश्चिम-नैऋत्येकडून, पण डोंगराची सोंड किंवा खिंड जवळ असेल तर वारा वळतो. या सगळ्यासाठी चुन्याच्या फक्कीने केलेल्या खुणा धुऊन जातात, म्हणून बांबूच्या खुंट्या ठोका आणि मोजणीच्या नकाशाच्या झेरॉक्सवर मांडा. हाच कागद पुढे गवंड्याला आणि जेसीबीवाल्याला द्यायचा आहे.

उतार तीव्र असेल तर एक गोष्ट जास्त बारकाईने बघा. वरच्या अंगाला जमिनीला लांब भेगा पडल्यात का, झाडं किंवा विजेचे खांब एकाच दिशेने कललेत का, नेहमीचा झरा अचानक गढूळ झालाय का? २०२१ च्या जुलैत महाड तालुक्यातलं तळिये आणि २०२३ च्या जुलैत खालापूरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. प्रत्येक डोंगर कोसळत नाही. पण घरासाठी सपाट जागा हवी म्हणून उताराचा पायथा दहा-बारा फूट उभा कापणं, हा मात्र आपण स्वतः ओढवून घेतलेला धोका आहे. त्यापेक्षा दोन-तीन फुटांच्या मजग्या (पायऱ्यांसारखे टप्पे) करा आणि घरही दोन पातळ्यांवर येऊ द्या. जुनी घरं अशीच चढ-उताराने बसवलेली असतात. ओटीवरून माजघरात जाताना पायरी लागते ती हौसेने ठेवलेली नव्हे.

जेसीबी येण्याआधी

साफसफाई म्हटलं की जेसीबी बोलावून सगळं खरवडून काढायचं, ही हल्लीची पद्धत मला अजिबात पटत नाही. जांभ्यावर कसदार माती वीतभर असते. ती एका दुपारी ढकलली जाते आणि पहिल्या पावसात वहाळाला लागते. मग त्याच जागी नारळ लावायला ट्रॉलीने माती विकत आणतात. रान माणसं लावून कोयत्याने तोडा. वाट, घर आणि टाकी यांच्या जागेपुरतीच मशीन वापरा आणि तिथली वरची माती आधी बाजूला रचून पाल्याने झाका.

झाडं तोडण्याआधी ओळखा. आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ, साग, खैर, हिरडा, चिंच अशी झाडं आपल्या जागेतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. १९६४ चा कायदा आहे. आणि दोन जुनी झाडं राखली तर एप्रिलमध्ये पत्र्याखाली राहणाऱ्या माणसाला त्याचं मोल कळतं. घराच्या अगदी अंगावर मात्र मोठं झाड नको. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे नेमकी ही झाडंच कौलांवर आणली.

वाट निदान दहा-बारा फूट रुंद ठेवा. चिऱ्याचा ट्रक, वाळूचा डंपर आणि वेळ आली तर रुग्णवाहिका यायची आहे. डोंगराच्या बाजूला गटार, पाणी ओलांडतं तिथे मोरीचा पाइप, पाया डबराचा. काँक्रीट पहिल्या वर्षी ओतू नका. भराव एका पावसाळ्यात बसतो, मग ओता. वाट दुसऱ्याच्या जमिनीतून जात असेल तर तोंडी 'जा रे, काय होतंय' यावर विसंबू नका. बांधावरून रस्ता मागण्यासाठी महसूल संहितेचं कलम १४३ आहे. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत.

पाणी

इथे थोडा हिशेब. कोकण किनाऱ्यावर वर्षाला ढोबळ मानाने ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. हजार चौरस फुटांच्या छपरावर तो पडला तर सुमारे पावणेतीन लाख लिटर पाणी होतं. पाचवा हिस्सा वाया गेला तरी सव्वादोन लाख उरतं. आता गरज. ग्रामीण नळयोजना माणशी दिवसाला ५५ लिटर धरतात. चौघांचे २२० लिटर, फेब्रुवारी ते मे असे १२० दिवस, म्हणजे २६,४०० लिटर. छपराच्या पाण्याचा जेमतेम आठवा भाग साठवला तरी उन्हाळा निभावतो. तरी इथे मे महिन्यात टँकरची वाट बघतात, कारण पाणी पडतं आणि जांभ्याच्या भोकांतून चार दिवसांत निघून जातं.

म्हणून माझ्या मते पंचवीस-तीस हजार लिटरची फेरोसिमेंटची टाकी हे जागेतलं पहिलं पक्कं बांधकाम असावं. घराच्या जोत्यापेक्षा उंचावर जागा मिळाली तर पंपाशिवाय नळ चालतो, पण मग छपराचं पाणी तिच्यात चढवावं लागेल. अशा वेळी खाली मोठी आणि वर हजार-दोन हजाराची छोटी, अशा दोन टाक्या करा. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी बाहेर सोडायची सोय हवी. कौलांवरची धूळ, पाला आणि पाखरांची घाण त्यात येते. टाकी झाकलेली आणि जाळी घट्ट असावी, नाहीतर डास.

बावीची जागा ठरवताना पाणाड्या आणू नका असं मी म्हणणार नाही, घरातली मोठी माणसं ऐकत नाहीत. पण त्याआधी एप्रिलच्या शेवटी आजूबाजूच्या प्रत्येक बावीत डोकवा. कुणाच्या बावीत किती हात पाणी आहे आणि ती तुमच्या जागेपासून वर आहे की खाली, यातून निम्मं उत्तर मिळतं. उरलेल्यासाठी शासनाच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे विचारा. बाव खणायची ती एप्रिल-मेमध्येच, पाणी सगळ्यात खाली असताना. बोअर मारणार असाल तर जांभ्याखालच्या मऊ चिकणमातीतून पार खाली जाईपर्यंत केसिंग घाला आणि किनाऱ्याजवळ खारं पाणी लागण्याची तयारी ठेवा.

पिण्याआधी पाणी तपासून घ्या. पावसाळ्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचं प्रमाण हजार लिटरला ५ ग्रॅम. दहा फूट व्यासाच्या बावीत साडेसहा फूट पाणी असेल तर ते साधारण १४,००० लिटर होतं, म्हणजे ७० ग्रॅम पावडर. बादलीत कालवून, गाळ खाली बसल्यावर वरचं पाणी बावीत सोडायचं. लहान मुलांसाठी तरीही उकळूनच.

शौचालय, बावीच्या खालच्या अंगाला

ज्या जांभ्याने पाणी पळवलं तोच शोषखड्ड्याचं पाणीही बावीपर्यंत पळवतो. शोषखड्डा बावीपासून किमान ६० फूट लांब हा सर्वसाधारण नियम आहे. भेगांच्या जांभ्यात मी शंभर फुटांच्या आत मानत नाही, आणि तोही उताराच्या खालच्या बाजूला. शेजाऱ्याची बाव खाली असेल तर तीही मोजा, ती आपली नाही म्हणून सोडू नका. चौघांच्या कुटुंबाला दोन खड्ड्यांचं शौचालय पुरतं. एक भरला की दुसरा वापरायचा, पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवला की त्यात सुकं, वास नसलेलं खत तयार होतं आणि ते झाडांना जातं. पावसाळ्यात पाण्याची पातळी जिथे पार वर येते तिथे हे चालत नाही, तिथे सेप्टिक टाकीच हवी. आधीच्या पावसाळ्यात ठोकलेल्या खुंट्या इथे कामाला येतात. न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी यात सोडू नका, ते केळी-अळवाकडे वळवा.

आता घर

हंगाम दसऱ्यापासून मेपर्यंत. चिरेखाणी पावसात बंद असतात आणि उघडल्यावर सगळे एकदम मागणी करतात, म्हणून चिरा आदल्या मे महिन्यातच आणून रचून ठेवलेला बरा. खाणीतून निघालेला चिरा मऊ असतो, हवेत राहून कडक होतो. वाजवून घ्या, पिवळ्या मातीचे मोठे डाग असलेला परत पाठवा. जोतं निदान दोन फूट, आणि जोत्याला चिऱ्याऐवजी काळा दगड. वाळवीचा बंदोबस्त पाया भरतानाच, नंतर काही उपयोग नाही.

नकाशात मी एकाच गोष्टीवर अडून बसेन: पश्चिमेला आणि दक्षिणेला पडवी, छपराची पाखी भिंतीबाहेर निदान तीन फूट. मासिकातली सपाट, कोरी भिंत इथे दुसऱ्याच वर्षी काळी पडते आणि आतून ओल येते. पावसात पडवीच्या उघड्या बाजूला झाप (विणलेल्या झावळ्या) बांधले की कपडे वाळतात, मुलं खेळतात, लाकडंही तिथेच राहतात. कौलं घालायची की पत्रा हा खिशाचा प्रश्न आहे. पत्रा घातलात तर त्याची चौकट भिंतीवरच्या काँक्रीटच्या पट्ट्यात बोल्टने जखडलेली असू द्या.

विजेचा अर्ज बांधकामाच्या आधी करा, खांब लांब असेल तर वेळ आणि खर्च दोन्ही वाढतात. अर्थिंग नीट आणि गळती दिसताच वीज तोडणारा स्विच, दोन्ही हवेतच. निसर्ग वादळानंतर कित्येक गावं अनेक दिवस अंधारात होती. दोन दिवे, पंखा आणि मोबाइल चालेल एवढं सौर पॅनेल म्हणूनच चैनीत मोडत नाही.

मुलं, साप आणि दवाखाना

फुरसं, घोणस, मण्यार, नाग, चारही इथे आहेत. घराभोवती दहा फूट जागा लख्ख ठेवा. लाकडं आणि चिऱ्याचे ढीग भिंतीला टेकवू नका. रात्री बॅटरीशिवाय अंगणात जायचं नाही हा नियम मोठ्यांनी आधी पाळावा. मण्यार रात्री, झोपेत चावते आणि वेदनाही फारशा जाणवत नाहीत, म्हणून जमिनीवर अंथरूण नको; खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी हवी. चावलंच तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं यातलं काही करू नका. हातपाय न हलवता १०८ ला फोन आणि थेट दवाखाना. कुठल्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाची लस असते आणि रात्री डॉक्टर असतात, हे राहायला जाण्याआधी स्वतः जाऊन विचारा. विंचवाचंही तसंच. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळे रूढ झालं, तेव्हा मांत्रिकाकडे वेळ घालवायचं कारण उरलेलं नाही. दोडामार्गाकडे असाल तर गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापाची चौकशी करा. जंगलात मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवायचं.

झाडं आणि वणवा

पहिल्या वर्षी सगळं लावू नका. सांडपाण्याजवळ केळी, शेवगा, अळू, पाणी पोचेल तिथे २५ फुटांवर नारळ, कोरड्या उतारावर वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राच्या जातीची काजूकलमं, सावलीत कोकम. एवढं पुरे. भाजी जाळीतच लावा, नाहीतर ती वानरांसाठी लावल्यासारखीच आहे. दिवाळीनंतर गवत पिवळं पडलं की हद्दीच्या आत दहा-पंधरा फुटांचा पट्टा साफ करून जाळरेषा काढा. फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवा शेजारच्या सड्यावरून येतो आणि तीन वर्षांची कलमं अर्ध्या तासात जातात.

राहायला गेल्यावरचे कागद

घर पूर्ण होताच ग्रामपंचायतीत घराची नोंद करून घरपट्टी लावून घ्या आणि नमुना ८ चा उतारा काढा. नळजोडणी, पत्त्याचा पुरावा, रेशनकार्डाची बदली, मतदार यादी, सगळीकडे तोच मागतात. अंगणवाडीत आणि शाळेत नाव मार्चमध्येच सांगून ठेवा. लहान वाडीतल्या शाळेला पटावर एक मूल वाढणं फार मोठी गोष्ट असते आणि गुरुजी किंवा बाई स्वतःहून घरी येतात. देवळाची वर्गणी आणि पालखीचा मान वाडीत कसा असतो, तेही त्यांनाच विचारा. गावकीतल्या भानगडी न सांगता तेवढीच माहिती देणारी माणसं तीच.